पहिला पीपीएच लॅबमध्येच यावा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी सिम्युलेशन कसं उभं करायचं

नाशिकमध्ये नर्सिंग शिकणाऱ्यांना पेशंटची वानवा नाही. जिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची बिटको आणि डॉ. झाकिर हुसेन ही रुग्णालयं आहेत, खाजगी हॉस्पिटलं आहेत आणि ग्रामीण पोस्टिंगसाठी पेठ, सुरगाण्यापर्यंतचा जिल्हा पसरलेला आहे. वानवा आहे ती निर्णय घ्यायच्या संधीची. वॉर्डात एखादा पेशंट बिघडला की पहिला आवाज येतो, 'स्टुडन्ट्स, बाजूला व्हा.' तो आवाज देणारी सिस्टर चुकत नाही. त्या क्षणी पेशंट महत्त्वाचा. पण बाजूला उभी राहिलेली तीच मुलगी पास होते, नोकरीला लागते आणि एखाद्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्याखेरीज दुसरं कोणी नसतं. जास्त रक्तस्राव तिने तोवर चार-पाच वेळा पाहिलेला असतो, सांभाळलेला एकदाही नसतो.

पाहणं आणि सांभाळणं यांच्यामधली ही दरी भरून काढायला सिम्युलेशन आहे, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग लॅबमध्ये उभा करून घेतलेला सराव. हा लेख नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या ट्यूटर मंडळींसाठी आहे, विशेषतः ज्यांच्याकडे महागडी लॅब नाही त्यांच्यासाठी. सगळ्या विषयांवरून हात फिरवण्यापेक्षा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा, म्हणजे पीपीएचचा एकच प्रसंग मी पूर्ण मांडणार आहे. एक प्रसंग नीट बसवता आला की पुढचे बसवायला वेळ लागत नाही.

एका प्रसंगात एकच निर्णय

कॅन्युला घालणं, कॅथेटर टाकणं, इंजेक्शन भरणं ही कौशल्यं आहेत. ती स्किल लॅबमध्ये हाताला वळण लागेपर्यंत करून घ्यावीत. सिम्युलेशन त्यानंतरचं. आधी कॅन्युला की आधी गर्भपिशवीचा मसाज, डॉक्टरांना फोन आत्ता करू की आणखी एकदा बीपी बघून करू, हे ठरवायची वेळ येते तिथे ते सुरू होतं. जिचा हात अजून सिरिंजमध्ये अडखळतो तिला प्रसंगात उभं करू नका. तिचं सगळं लक्ष सिरिंजवर जाईल आणि निर्णय राहून जाईल.

म्हणून कागद घेऊन सर्वात आधी उद्दिष्टाचं एक वाक्य लिहा. आपल्या प्रसंगासाठी ते असं असेल: 'डिलिव्हरीनंतर रक्त जास्त जातंय हे विद्यार्थिनी ओळखेल, एका मिनिटात मदत बोलावेल आणि मदत येईपर्यंत गर्भपिशवीवरचा हात सोडणार नाही.' एवढंच. त्यात नवजात बाळाची काळजी, स्तनपानाचा सल्ला आणि कुटुंब नियोजन घुसडायचा मोह होतो. तो टाळा. दहा मिनिटांत माणूस एकच गोष्ट मनापासून शिकतो.

बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात मिडवायफरी सहाव्या सेमिस्टरला सुरू होते. लेबर रूमच्या पोस्टिंगच्या आधीचा आठवडा हा या प्रसंगाचा सर्वात चांगला काळ. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि एएनएम (सहायक परिचारिका) यांच्या बॅचलाही हाच प्रसंग चालतो, फक्त उद्दिष्टातली शेवटची पायरी बदलते: एएनएमसाठी ती 'पहिला डोस देऊन, मसाज चालू ठेवून सुरक्षित रेफर करणं' अशी असावी.

बाहुली कपाटातून बाहेर काढा

अनेक कॉलेजांत लाखांची मॅनिकिन, म्हणजे सरावाची माणसाएवढी बाहुली, काचेच्या कपाटात कुलूपबंद असते आणि तपासणीच्या दिवशी पुसून ठेवली जाते. ती खराब झाली तर जबाबदारी कोणाची, ही भीती मला समजते. तरीही ती वापरात आणण्यासाठी प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्या आणि हाताळणीचं रजिस्टर ठेवा.

ती नसली तरी काही अडत नाही. नर्सिंगमध्ये बाहुलीवर सराव १९११ पासून सुरू आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेसाठी बनवलेल्या पहिल्या बाहुलीला ना बॅटरी होती, ना स्क्रीन. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी चक्क माणसालाच पेशंटची भूमिका करायला शिकवलं आणि ती पद्धत आज जगभर चालते. पीपीएचसाठी तर जिवंत माणूस बाहुलीपेक्षा चांगला, कारण तो घाबरतो, पाणी मागतो, हात धरतो. याच विचारातून बनलेली मामानॅटली नावाची कमरेला बांधायची किट मिळते. तीत रक्ताची पिशवी असते आणि गर्भपिशवी सैल किंवा कडक करण्याची सोय असते. ती बांधणारी व्यक्तीच प्रसंग चालवते.

किट परवडत नसेल तर घरची सोय अशी. एक सहकारी ट्यूटर किंवा सीनियर विद्यार्थिनी पेशंट होईल. गाउनखाली, बेंबीच्या खालच्या बाजूला, जाड कापडी पिशवी बांधा. तिच्यात लहान मुलांचा मऊ रबरी चेंडू आणि एक कडक चेंडू असे दोन्ही ठेवा आणि कोणता हाताला लागू द्यायचा हे पेशंटने ठरवायचं. रक्तासाठी पाण्यात खायचा लाल रंग, त्यात किंचित कोको पावडर आणि दाटपणासाठी शिजवलेलं कॉर्नफ्लोअर. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत ते भरून नळी मांड्यांच्या मधे सोडा. क्लॅम्प पेशंटच्या हातात. गाउनच्या आत चड्डी आणि वर प्लास्टिकचा थर असायलाच हवा. पेशंट होणाऱ्या मुलीला क्षणभरही अवघडल्यासारखं वाटता कामा नये. पुरुष विद्यार्थी गटात असतील तर तिला आधी विचारा.

रक्ताचा अंदाज: प्रसंगाच्या आधीचा अर्धा तास

ही पायरी वगळू नका. योनीमार्गे प्रसूतीनंतर ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की तो पीपीएच, हे सगळ्यांना पाठ असतं. ५०० मिली दिसतं कसं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो.

टेबलावर सहा जागा मांडा. पांढरी चादर, मॅटर्निटी पॅड, किडनी ट्रे, बादलीतल्या पाण्यात मिसळलेलं रक्त, जुनी गोधडी, फरशी. प्रत्येकावर मोजून तयार केलेलं रक्त ओता: कुठे १००, कुठे २५०, ५००, १००० मिली. विद्यार्थ्यांनी न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहायचा. मग खरे आकडे सांगा. गोधडी सगळ्यांना चकवते, कारण ती रक्त पिऊन टाकते आणि वरून फक्त डाग दिसतो. घरी प्रसूत होऊन गाडीतून आलेली बाई अशाच गोधडीत गुंडाळलेली असते.

इथेच मोजपट्टीच्या ड्रेपची ओळख करून द्या. बाईच्या खाली अंथरायच्या त्या प्लास्टिकला मिलीच्या खुणा असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात चार आफ्रिकी देशांतल्या ८० पैकी सुमारे निम्म्या रुग्णालयांत हा ड्रेप वापरून रक्त वेळेत ओळखलं गेलं आणि मसाज, पिशवी कडक करणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबायला मदत करणारं ट्रानेक्झामिक अॅसिड, सलाईन आणि रक्तस्रावाच्या कारणाची तपासणी हे सगळं एकापाठोपाठ एक वाट न बघता एकत्र केलं गेलं. उरलेल्या रुग्णालयांच्या तुलनेत तिथे गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. मुलांना हे सांगा. आपण शिकतो आहोत त्याने खरोखर बाया वाचतात, हे त्यांना कळायला हवं.

स्क्रिप्ट

वेळेच्या खुणा घालून एक पान लिहा. पेशंट: तिसरं बाळंतपण, कळा लांबलेल्या, वीस मिनिटांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी, वार पडलेली. सोबत सासू. खोलीत दोन विद्यार्थिनी. सिस्टर 'मी बाळ दाखवून येते' म्हणून बाहेर गेलेल्या. डॉक्टर फोनवर.

सुरुवातीला पल्स ९२, बीपी ११०/७०. बाई म्हणते, 'सिस्टर, खाली ओलं ओलं लागतंय.' तिसऱ्या मिनिटापर्यंत कोणी पिशवी तपासली नाही तर पल्स ११२, बीपी १००/६०, बाई जांभई देते, पाणी मागते. सहाव्या मिनिटापर्यंत मसाज आणि ऑक्सिटोसिन नाही तर पल्स १२८, बीपी ८४/५०, घाम, बोलणं तुटक. मसाज सुरू होऊन ऑक्सिटोसिन गेलं की दोन मिनिटांत पिशवी कडक, पल्स ११६ वर येऊन थांबते. ट्रानेक्झामिक अॅसिड मागितलं तर 'एक ग्रॅम, दहा मिनिटांत हळू' हे तिने स्वतः म्हणायला हवं. डिलिव्हरीला तीन तास व्हायच्या आत द्यायचं, हेही. औषधांचे डोस तुमचे विद्यार्थी ज्या रुग्णालयात पोस्टिंगला जातात तिथल्या प्रोटोकॉलप्रमाणेच लिहा, नाहीतर लॅबमध्ये एक आणि वॉर्डात दुसरं असं होतं.

पहिल्या तीन मिनिटांत बीपी जवळजवळ नॉर्मल ठेवलंय ते मुद्दाम. तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी धरून ठेवतं. आधी पल्स वाढते. 'बीपी तर ठीक आहे' म्हणून थांबलेली मुलगी या तीन मिनिटांत जे शिकेल ते पुस्तकाच्या पानावरून उतरत नाही.

सासूची भूमिका कोणालाही देऊ नका. बोलकी आणि समंजस मुलगी निवडा. सासू सारखी विचारते, 'काय झालं हो? बाळंतिणीला असं जातंच ना?' विद्यार्थिनीने हात न थांबवता तिला दोन वाक्यांत खरं सांगायचं आणि काहीतरी काम द्यायचं. मालेगाव, सटाणा, कळवण भागातल्या मुलींना सासू अहिराणीत बोलू द्या आणि पेशंटलाही 'माले चक्कर येस' म्हणू द्या. पोस्टिंगमध्ये हेच कानावर पडणार आहे.

प्रीब्रीफ

प्रसंगाआधीच्या या ओळखीला वीस मिनिटं द्या. खोली दाखवा, ट्रे उघडून दाखवा, फोन कुठे आहे, ऑक्सिजन खरा आहे की दाखवायचा, पिशवी कुठे हाताला लागेल. पेशंटचे कपडे कुठपर्यंत बाजूला करायचे तेही. यात लपवून ठेवण्यासारखं काही नाही. वस्तू शोधण्यात गेलेला वेळ काही शिकवत नाही.

मग तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा. याचे मार्क नाहीत. इथे जे घडेल ते या खोलीबाहेर जाणार नाही, हॉस्टेलवरही नाही. आणि तुम्ही सगळ्या हुशार आहात, मनापासून काम करणाऱ्या आहात, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. तिसरं वाक्य म्हणताना तुम्हाला ते खरंच वाटत असलं पाहिजे. मुलांना लगेच कळतं.

चालवताना

पहिल्या मिनिटात मुली हसतील. तो ताण असतो, ओरडू नका. पेशंट नीट कण्हली की हसू आपोआप थांबतं.

तुम्ही मधे बोलू नका. ही सर्वात अवघड शिस्त आहे. मसाजची जागा चुकली तरी 'अगं, वर बघ' म्हणायचं नाही. पेशंटच्या तोंडून 'सिस्टर, अजून जातंय' येऊ द्या. थांबवायचं फक्त कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तेव्हा. घड्याळ हातात ठेवून चारच वेळा टिपा: रक्त ओळखलं, मदत बोलावली, हात पिशवीवर गेला, ऑक्सिटोसिन दिलं. बाकीचं गटातल्या निरीक्षक मुली टिपतील.

फोनकडे नीट लक्ष द्या, कारण तिथे आपली पोरं सर्वात जास्त कमी पडतात. 'सर, बेड सहाच्या पेशंटला बरं वाटत नाहीये, एकदा बघता का?' या फोनवर कोणताही डॉक्टर 'येतो' म्हणून हातातलं काम पूर्ण करेल. हवा तो फोन असा: 'सर, लेबर रूममधून थर्ड इयरची स्टुडन्ट बोलतेय. बेड सहा, डिलिव्हरीला वीस मिनिटं झाली, तिसरी खेप. ड्रेपमध्ये ५०० भरलंय, पल्स ११२, बीपी १००/६०, पिशवी सैल लागतेय. मला पीपीएच वाटतोय. मसाज चालू आहे, तुम्ही लगेच या.' काय झालं, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं, हा एसबीएआरचा क्रम आहे. 'मला पीपीएच वाटतोय' हे वाक्य म्हणायला विद्यार्थिनी कचरते, कारण निदान डॉक्टरांनी करायचं असं तिला शिकवलं गेलेलं असतं. ते म्हणायची सवय लॅबमध्येच लावा.

पेशंट मरू द्यायचा का? माझं मत ठाम आहे: पदवीच्या मुलांच्या प्रसंगात नाही. मृत्यू आणि नातेवाइकांशी बोलणं हेच उद्दिष्ट असेल तर तो स्वतंत्र प्रसंग घ्या आणि आधी सांगून घ्या.

डीब्रीफिंग

प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर त्यानंतरचं त्याविषयीचं बोलणं वीस-पंचवीस मिनिटांचं हवं. शिकणं इथे होतं. २०१४ साली अमेरिकेतल्या दहा नर्सिंग शिक्षणक्रमांत झालेल्या मोठ्या अभ्यासात वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी विद्यार्थिनी तितक्याच सक्षम ठरल्या. पण तिथे डीब्रीफिंग प्रशिक्षित शिक्षक घेत होते. ही अट गाळून निष्कर्ष तेवढा उचलणं मुलांच्या हिताचं नाही.

खुर्च्या गोल मांडा, जिथे प्रसंग झाला त्या बेडपासून थोडं दूर. पहिला प्रश्न भावनेचा: 'कसं वाटलं?' दोघी म्हणतील 'भीती वाटली', एखादी रडेल. पाणी द्या, थांबा, घाई करू नका. मग काय घडलं ते त्यांच्या तोंडून क्रमाने येऊ द्या. त्यानंतर खरं काम: का घडलं?

इथे ट्यूटरची भाषा बदलावी लागते. 'मसाज लवकर का नाही केलास?' या प्रश्नाला 'सॉरी मॅडम' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी जे पाहिलं ते सांगा, तुम्हाला काय वाटलं ते सांगा आणि मग विचारा: 'हात पिशवीवर गेला तेव्हा साडेतीन मिनिटं झाली होती. त्याआधी तू दोनदा बीपी मोजलंस. मला काळजी वाटली, कारण तेवढ्या वेळात रक्त जातच होतं. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?' आणि गप्प बसा. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी बसा. 'मॅडम, डॉक्टर आल्यावर बीपी किती विचारतील म्हणून,' असं उत्तर आलं तर तुमच्या हाती मोठी गोष्ट लागली. या मुलीला पीपीएचचं ज्ञान कमी नाही. ती पेशंटऐवजी तोंडी परीक्षेची तयारी करत होती. तिला पुन्हा धडा वाचायला सांगून उपयोग नव्हता. आता गटालाच विचारा: दोघी असताना बीपी कोणी आणि मसाज कोणी करायचा?

शेवटी प्रत्येकीने एकच वाक्य म्हणायचं: 'वॉर्डात मी हे करेन.' शक्य असेल तर लगेच तोच प्रसंग पुन्हा चालवा. दुसऱ्या खेपेला हात कुठे जातो ते बघा.

साठची बॅच असेल तर

सहा-सहाचे दहा गट. दोघी कृती करणाऱ्या, एक पेशंट, एक सासू, दोघी निरीक्षक. बाकीची बॅच नेहमीप्रमाणे पोस्टिंगला असताना रोज दोन गट लॅबला थांबवा. पाच दिवसांत सगळे होतात. निरीक्षकांना नेमकं काम द्या: एकीने फक्त वेळ, दुसरीने फक्त संवाद. नुसतं 'बघा' म्हटलं की मन भरकटतं. दुसऱ्या फेरीत भूमिका बदला.

लॅबची औषधं लॅबमध्येच

प्रत्येक बाटलीवर, अँप्यूलवर, सिरिंजवर लाल अक्षरात 'फक्त सरावासाठी' चिकटवा. मुदत संपलेली औषधं वापरत असाल तर ती मोजून आणा आणि मोजून परत कुलपात ठेवा. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत सरावासाठी बनवलेलं सलाईन चुकून खऱ्या पेशंटना चढवलं गेलं आणि अनेक जण आजारी पडले. लॅब आणि वॉर्ड एकाच आवारात असेल तर हा धोका आपल्याकडेही तितकाच. सुया मोजा, रोज.

नाशिकचे पुढचे प्रसंग

सर्पदंश घ्या. रात्रीच्या लाईटला कांद्याला पाणी भरायला गेलेला शेतकरी, पाय सुजलेला. स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन ते गोठतं का हे बघायला वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, प्लास्टिकच्या नळीत नाही. पण या प्रसंगातला निर्णय प्रतिसर्पविष सुरू झाल्यानंतरचा आहे: अंगावर पित्ताच्या गांधी, खोकला, बीपी खाली. औषध थांबवून ०.५ मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन मांडीत, स्नायूत. अॅड्रेनॅलिन आधीच भरून ठेवलं होतं का, इथेच प्रसंग फिरतो.

ऑक्सिजनचा प्रसंगही घ्याच. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमध्ये डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातल्या टाकीच्या गळतीने पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक माणसं गेली. प्रेशर पडायला लागल्यावर आधी कोणत्या पेशंटकडे जायचं, सिलिंडर कुठे आहे, त्याची किल्ली कुठे टांगलेली असते, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग कोणत्या बेडजवळ आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे.

२००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली होती आणि २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. जखमींची वर्गवारी करायचा सराव मैदानावर, साठ मुलांना एकाच वेळी घेऊन करता येतो. त्याला बाहुली लागत नाही, फक्त गळ्यात अडकवायच्या चिठ्ठ्या आणि ठाम आवाज लागतो.

लॅबमधून वॉर्डात

प्रसंगानंतर आठ दिवसांच्या आत प्रत्येक विद्यार्थिनीने प्रसूतिपश्चात वॉर्डात सिस्टरांच्या देखरेखीखाली, बाईची परवानगी घेऊन, खरी पिशवी हाताने तपासून पाहिली पाहिजे. कडक पिशवीचा स्पर्श एकदा ओळखीचा झाला की सैल लगेच कळते. स्क्रिप्ट लिहिताना लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरांना बोलवा, शक्य झालं तर डीब्रीफिंगलाही. 'स्टुडन्ट्स, बाजूला व्हा' म्हणणाऱ्याच सिस्टर पुढे 'तू मसाज धर, मी लाईन घालते' म्हणू लागतील, कारण या मुलींना काय येतं ते त्यांनी स्वतः पाहिलेलं असेल.

तीन महिन्यांनी, रुग्णालयाची परवानगी असेल तर, तोच प्रसंग लेबर रूममधल्या रिकाम्या बेडवर घ्या. तिथे मुलांच्या चुकांपेक्षा व्यवस्थेतल्या अडचणी जास्त सापडतात: ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून फ्रिजमध्ये असतं, फ्रिज दुसऱ्या खोलीत, त्या खोलीची किल्ली ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर रात्री बंद. अशी अडचण दिसली की त्याच दिवशी, तारीख घालून, मेट्रन मॅडमना लेखी द्या आणि पुढच्या खेपेला औषध हातात यायला किती सेकंद लागले ते पुन्हा मोजा.